अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकलं, पण पाणी कधी टाकलं होतं?

मराठवाड्यात घराचं किंवा आखाड्यावरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) मोटरीचं अर्थिंग, म्हणजे बिघाडात पत्र्यावर आलेली वीज जमिनीत सोडायची सोय, करायची म्हटलं की वायरमन तीन गोष्टी आणायला सांगतो: जीआय (जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी) पाईप, लाकडी कोळसा आणि खडे मीठ. खड्डा होतो, पाईप उभा राहतो, मीठ-कोळसा पडतो, वर माती लोटली जाते आणि मग त्या जागेकडे कुणी वर्षानुवर्षं फिरकत नाही. पहिला पावसाळा बरा जातो. मार्च उजाडला की काळी माती भेगाळते, मे महिन्यात त्या भेगांत हात जाईल एवढी फट पडते, आणि तोवर खड्ड्यातलं मीठ नुसतं मीठ उरलेलं असतं. कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही, अजिबात नाही. खड्डा आहे, बिल आहे, पाईप आहे, पण अर्थिंग नाही, अशी घरं आणि आखाडे आपल्याकडे गावोगाव आहेत.

म्हणून या लेखात आधी टेबलावर करायचे प्रयोग आहेत आणि मग खड्डा. प्रयोग लहान मुलांचे वाटले तरी वगळू नका. खड्ड्यातली प्रत्येक गोष्ट तशीच का करायची, हे त्यांतूनच कळतं, आणि कारण कळलं की वायरमनने एखादी पायरी गाळली तर ती तुमच्या नजरेतून सुटत नाही.

टेस्टर बनवा

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि हातभर दोन वायरी, एवढंच लागतं. तालुक्याच्या ठिकाणी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हे सगळं मिळतं. बॅटरीच्या धन टोकाला रेझिस्टर, रेझिस्टरला एलईडीचा लांब पाय, आखूड पायाला पहिली वायर आणि बॅटरीच्या ऋण टोकाला दुसरी वायर. दोन्ही वायरींची उघडी टोकं एकमेकांना टेकवली की एलईडी लागला पाहिजे. नाही लागला तर एलईडी उलटा जोडलाय.

हे सगळं फक्त बॅटरीवर करायचं. घरातल्या बोर्डाची लाईट पाण्यात सोडून बघायचा मोह एखाद्या मुलाला होतो, आणि त्यात जीव जातो. मुलं प्रयोग करत असतील तर मोठ्या माणसाने शेजारी बसावं.

आता एकेक वस्तू दोन टोकांच्या मध्ये धरा. तांब्याची तार, स्टीलचा चमचा, ॲल्युमिनियमची वाटी, लोखंडी खिळा: सगळ्यांवर एलईडी सारखाच लख्ख लागतो. जळालेल्या मोटरीची वायंडिंगची तार मिळाली तर तीही बघा. ती तांब्यासारखी दिसते, तरी एलईडी लागत नाही, कारण तिच्यावर वार्निशचा थर असतो. ब्लेडने खरवडा की लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे खड्ड्याच्या जोडणीत ती पुन्हा येणार आहे.

नंतर वाटीत कोरडं खडे मीठ घ्या आणि दोन्ही टोकं त्यात खुपसा. एलईडी लागत नाही. (पावसाळ्यात अंधुक लागला तर मीठ ओलावलंय असं समजा. तव्यावर भाजून, निववून पुन्हा बघा.) मग दुसऱ्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते. त्यातही एलईडी लागत नाही. म्हणजे मीठ एकटं नेत नाही, शुद्ध पाणी एकटं जवळजवळ नेत नाही. आता त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळा. एलईडी लागतो, आणि मीठ वाढवाल तसा उजळत जातो.

याच पद्धतीने डिस्टिल्ड वॉटरमध्ये साखर विरघळवून बघा. लागत नाही. मग युरिया. शेतकऱ्याला इथे हमखास नवल वाटतं, कारण युरिया म्हणजे खत आणि खत म्हणजे क्षार असं डोक्यात बसलेलं असतं. शुद्ध युरियाच्या पाण्यातही एलईडी लागत नाही, पोटॅशच्या पाण्यात मात्र लगेच लागतो. साखर आणि युरिया विरघळतात, पण त्यांचा अख्खा रेणूच पाण्यात फिरतो, त्याचे विद्युतभारित तुकडे होत नाहीत. मातीत गेल्यावर युरियाचं अमोनियम होतं, तेव्हा कुठे तो या हिशेबात येतो. ड्रिपच्या टाकीत ईसी मीटर (पाण्याची वाहकता मोजणारं यंत्र) बुडवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. युरिया कितीही घातला तरी मीटरचा आकडा हलत नाही, म्हणून टाकीत खतच नाही असं होत नाही.

बोअरचं पाणी घ्या, तेही लागेल, कारण आपल्या बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार असतात. शेवटी शेतातलं काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ आणा. त्यात टोकं खुपसली तर एलईडी विझलेलाच राहतो. त्याच ढेकळावर थोडं पाणी शिंपडा, मुरू द्या, पुन्हा टोकं लावा. लागला. अर्थिंगच्या खड्ड्यात जे घडतं ते सगळं या एका ढेकळात आहे.

आत काय चाललंय

धातूत वीज वाहून नेतात ते इलेक्ट्रॉन. तांब्याचा प्रत्येक अणू साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो, आणि एका घनमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे ८.५ × १०^२८ असतात. संख्या एवढी प्रचंड असल्यामुळे त्यांना पळावंही लागत नाही. १ चौरस मिलिमीटरच्या तारेतून १ अँपिअर जात असताना इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी सरकतात.

मिठात मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. त्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोरिनचे ऋण आयन असतात, पण खड्यात ते भिंतीतल्या विटांसारखे जागच्या जागी बसलेले असतात. भार आहे, पण हलायला वाव नाही. पाण्यात विरघळलं की हे आयन सुटे होतात आणि पोहत एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातात. ८०१ अंश सेल्सिअसला मीठ वितळतं, तेव्हाही ते उत्तम वाहक होतं, पण ते कारखान्याचं काम. ‘आयन’ हा शब्द मायकेल फॅरेडेने १८३४ मध्ये वापरात आणला. क्षार पाण्यात गेल्यावर आपोआप आयनांत विभागतात हा विचार स्वांते अऱ्हेनियसने १८८४ च्या प्रबंधात मांडला, आणि त्यासाठी त्याला १९०३ चं नोबेल मिळालं.

खड्ड्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. तांबं हे मिठाच्या संपृक्त पाण्यापेक्षाही २० लाख पटींहून जास्त चांगलं वाहक आहे. लोखंड तांब्याच्या जवळपास सहावा हिस्सा नेतं, तरीही ते मिठाच्या पाण्याच्या कितीतरी लाख पट पुढे. म्हणजे तुमच्या अर्थिंगच्या साखळीत धातू कुठलाही घ्या, कमकुवत कडी कायम मातीच असणार. अडीच मीटरच्या जीआय पाईपचा स्वतःचा रोध (विजेला होणारा अडथळा) एक मिलिओहमच्या आसपास असतो. त्या जागी तांब्याचा पाईप घातला तर तो आणखी कमी होईल, पण भोवतालच्या मातीचा रोध कित्येक ओहम असताना त्या मिलिओहमला विचारतो कोण? तांबं गंजापुढे जास्त टिकतं हे खरं, पण अर्थिंग ‘जास्त ओढावं’ म्हणून तांब्यावर पैसे घालणार असाल तर माझा सल्ला आहे, तेच पैसे दुसऱ्या खड्ड्यावर घाला.

मातीचा हिशेब

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा काळा पाषाण. ओल्या काळ्या मातीची रोधकता (ती माती मुळात विजेला किती अडवते तो आकडा) १० ओहम-मीटरच्या घरात धरू, मुरमाची १०० आणि कोरड्या पाषाणाची १,०००. जागेप्रमाणे हे आकडे बरेच बदलतात, पण हिशेबाला चालतील. अडीच मीटर लांब आणि ४ सेंटिमीटर व्यासाच्या पाईपाचा अर्थ-रोध काढायचा तर रोधकतेला साधारण ०.३५ ने गुणायचं. ओल्या काळ्या मातीत उत्तर येतं साडेतीन ओहम, मुरमात ३५ आणि पाषाणात ३५०.

यावर जिवाचा प्रश्न अवलंबून आहे. समजा मोटरीच्या स्टार्टरच्या पत्र्याला फेज लागला. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) अर्थिंगचा रोध बाजूला ठेवला तर साडेतीन ओहमच्या खड्ड्यातून ६५ अँपिअर जातील आणि १६ अँपिअरचा एमसीबी (जादा वीज गेली की आपोआप पडणारा स्विच) काही सेकंदांत पडेल. ३५ ओहमच्या खड्ड्यातून जेमतेम साडेसहा अँपिअर जातील. एमसीबीला वाटेल मोटर चालू आहे, तो पडणारच नाही, आणि स्टार्टरचा पत्रा २३० व्होल्टच्या आसपास तसाच जिवंत राहील. रात्रपाळीच्या लाईटीत, ओल्या पायांनी, अंधारात हात जातो तो नेमका त्या पत्र्यावर.

म्हणून घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (थोडीशी वीज जमिनीत गळली तरी पडणारा स्विच) बसवा, मग बाकी काहीही परवडो न परवडो. ३५० ओहमचा रद्दी खड्डा असला तरी पत्र्यावर दहा-साडेदहा व्होल्ट येतात तोच तो पडतो. मोटरीच्या लांब ओल्या केबलमुळे ३० चा आरसीसीबी वारंवार पडत असेल तर १०० मिलिअँपिअरचा चालेल का, हे परवानाधारक वायरमनला केबल मोजायला लावून ठरवा. वैतागून तो काढून टाकू नका.

खड्डा

जागा: घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर लांब, शक्यतो न्हाणीच्या किंवा हौदाच्या सांडपाण्याजवळ. पिण्याच्या विहिरीजवळ, बोअरजवळ किंवा मोसंबीच्या आळ्याजवळ मीठ पुरू नका. मीठ पावसाबरोबर झिरपत जातं. जमीन चोपण (खारवट, नापीक) व्हायला एक खड्डा पुरेसा नाही, पण खड्ड्याशेजारचं झाड मात्र नक्की सुकेल.

खोली: पाईप अडीच मीटरचा, तेव्हा खड्डा तेवढा. वरच्या दोन फुटांची माती उन्हाळ्यात पार कोरडी पडते, तिचा भरवसा धरायचा नाही, पाईपचा बराचसा भाग तिच्या खाली ओलीत गेला पाहिजे. ट्रॅक्टरवरच्या ड्रिलने खड्डा पाडणं सगळ्यांत चांगलं. माणूस उतरवून खणायचा असेल तर काळ्या मातीचे काठ ढासळतात हे विसरू नका. वर दुसरा माणूस हवाच, आणि पावसाळ्यात हे काम करूच नका. खाली पाषाण लागला आणि अडीच मीटर जाता येईना, तर खोलीसाठी हट्ट न धरता दोन उथळ खड्डे करा किंवा चर खणून पट्टी आडवी पुरा.

पाईप: ४० मिलिमीटरचा जीआय, खालचं टोक तिरकं कापलेलं. अंगावर वितीवितीच्या अंतराने १२ मिलिमीटरची भोकं, समोरासमोर नव्हे तर आलटून-पालटून. ही भोकं दिसायला क्षुल्लक आहेत, पण वरून ओतलेलं पाणी पाईपच्या बाहेर मातीत यायचं ते यांतूनच. भोकं नसलेला पाईप पुरलेले खड्डे मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यात पाणी टाकून काहीही होत नाही. पाईपला रंग किंवा डांबर लावू नका. वार्निश असलेली तार आठवा.

भरणी: पाईप मधोमध उभा धरून एक वीत कोळशाचा चुरा, त्यावर चार बोटं मीठ, पुन्हा कोळसा, असे थर. मध्ये मध्ये चाळलेली काळी माती घातली तरी उत्तम, मुरूम आणि दगड मात्र परत खड्ड्यात नको. प्रत्येक थर दाबा आणि दाबल्यावर पाणी ओता. कोळसा स्वतः वीज नेतो म्हणून घालतात असा समज आहे. चुलीच्या लाकडी कोळशाचं ते काम फार थोडं. त्याचं खरं काम ओल धरून ठेवणं. बेंटोनाईटची (एका प्रकारच्या चिकणमातीची) भुकटी मिळाली तर ती याहून चांगली ओल धरते आणि पाईप गंजवत नाही. ऐपत असेल तर मिठाऐवजी तीच वापरा.

मिठाने किती फरक पडतो? १५ टक्के ओल असलेल्या वाळूमिश्रित पोयट्यावरचं एक जुनं, नेहमी दिलं जाणारं मोजमाप आहे. मीठ नसताना रोधकता १०७ ओहम-मीटर, वजनाच्या ०.१ टक्का मिठाने १८, १ टक्क्याने ४.६ आणि थेट २० टक्के घातलं तरी १. पहिल्या मूठभर मिठाने जे काम होतं ते पुढच्या पोत्याने होत नाही. ‘दोन पोती टाकू या’ म्हणणाऱ्याला हे सांगा, कारण जादा मीठ विजेला मदत करत नाही, फक्त पाईप लवकर खातं.

एवढ्याशा खड्ड्यातली माती बदलून काय होणार, असंही कुणी म्हणेल. चार सेंटिमीटरच्या पाईपभोवतालचा निम्मा रोध पहिल्या एका फुटातच असतो, कारण तिथे विजेला पसरायला जागा सगळ्यांत कमी मिळते. म्हणजे दोन फूट रुंदीचा खड्डा नीट भरला तर मुरमातले ३५ ओहम साधारण १७-१८ वर येतात. त्याखाली जायचं असेल तर दुसरा खड्डा, पहिल्यापासून किमान पाच मीटरवर, आणि दोन्ही जोडून. जवळजवळ केलेले दोन खड्डे एकाच मातीसाठी भांडतात.

जोडणी: पाईपच्या डोक्याला क्लॅम्प आणि नट-बोल्टने जीआय पट्टी किंवा ८ नंबरची जीआय तार. तांब्याची वायर थेट जीआयवर आवळली तर मिठाच्या ओलीत दोन धातूंची बॅटरीच तयार होते. जस्त झिजतं, सांध्यावर पांढरट-हिरवट पापुद्रा धरतो, आणि तो पापुद्रा वीज नेत नाही. कथिलाचा मुलामा असलेला लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) वापरा, आवळण्याआधी दोन्ही पृष्ठभाग घासून चकचकीत करा आणि आवळल्यानंतरच वरून ग्रीस फासा. भोवती विटांचं छोटं चेंबर बांधून झाकण ठेवा, पाईपच्या तोंडात नरसाळं बसवा. झाकण सिमेंटने बंद करू नका. नरसाळ्याशिवायच्या खड्ड्यात पाणी टाकायचं कुणालाच आठवत नाही.

तपासणी

आपल्याकडे फेज आणि अर्थच्या मध्ये शंभरचा बल्ब लावून बघतात आणि तो लागला की ‘अर्थिंग एक नंबर’ म्हणतात. शंभर वॉटच्या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध सुमारे ५२९ ओहम असतो. त्यापुढे खड्ड्याचे ५० ओहम आले तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो छान लागतो. त्याच ५० ओहमच्या खड्ड्यावर एमसीबी कधीच पडणार नाही. बल्ब लागणं म्हणजे अर्थिंग तुटलेलं नाही, एवढाच अर्थ. ही चाचणी घरी करूच नका, त्या वेळी सगळ्या घराच्या अर्थच्या वायरीवर व्होल्टेज चढतं.

खरी चाचणी अर्थ टेस्टरने. वायरमनला विचारा, नसेल तर भाड्याने मिळतो. घराची अर्थ वायर मेन बंद करून खड्ड्यापासून सोडवायची, एक सळई २५-३० मीटरवर ठोकायची, दुसरी त्याच रेषेत अंतराच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे ३० मीटरला साडेअठरा मीटरवर. दुसरी सळई थोडी मागेपुढे करून आकडा फारसा बदलत नसेल तर तो धरायचा. आकडा आणि तारीख मीटरच्या बोर्डाशेजारी पेनने लिहून ठेवा. मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमधला चांगला आकडा काही सांगत नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्याने फक्त आरसीसीबी तपासला जातो, खड्डा नाही.

पाणी

मराठवाड्याचा सरासरी पाऊस सुमारे ६८० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांची ओल आपणच पुरवायची. दिवाळीनंतर महिन्यातून एकदा, मार्चपासून दर आठ-दहा दिवसांनी दोन-तीन बादल्या नरसाळ्यातून. ऊन स्वतः वैरी नाही: तापल्यावर तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, क्षारांच्या पाण्याची वाहकता मात्र उलट दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी सुधारते. नडतो तो कोरडेपणा.

टँकरच्या पाण्याच्या दिवसांत अर्थिंगला गोडं पाणी कोण टाकणार, ही अडचण खरी आहे, आणि गोडं पाणी लागतच नाही. धुण्याचं पाणी चालतं. त्याहून सरस म्हणजे आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. गावात फिल्टरच्या पाण्याचं केंद्र असेल तर तिथून कॅन भरून आणा.

दर दोन वर्षांनी नरसाळ्यातून दोन-तीन किलो मीठ पाण्यात कालवून सोडा, कारण पहिलं मीठ पाऊस घेऊन जातो. त्याच वेळी चेंबर उघडून सांधा बघा, बोल्ट ढिला असेल तर घासून पुन्हा आवळा.

आणखी एक गोष्ट. लाईट एकाच फेजवर आली की जमिनीत सळई ठोकून तिचाच न्यूट्रल करायचा आणि आखाड्यावर बल्ब लावायचा, हा प्रकार बंद करा. वर सांगितलं तसा निम्मा रोध सळईच्या पहिल्या फूटभरात असतो, म्हणजे व्होल्टेजही तिथेच उतरतं. त्या जागेवरून चालणाऱ्या बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर असतं, चार खूर ओल्या मातीत असतात, आणि जे व्होल्टेज माणसाला चपलेमुळे जाणवत नाही ते त्याच्या छातीतून जातं. याच कारणाने डीपीच्या आणि अर्थिंगच्या खड्ड्याच्या आसपास जनावर बांधू नका, पावसाळ्यात तर नाहीच.